वरचं खाचर

आई,

तुला मी जन्मभर ‘आये’ म्हणत आलो, पण कागदावर हात ‘आई’ असंच लिहितो. ही शाळेची आणि पुढे सरकारी नोकरीची सवय. मामा गेला. काल त्याचा दहावा करून मी लोणावळ्याला परत आलो. घरात कुणी नव्हतं, अंगणात ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून दौत-टाक घेऊन बाहेर बसलो. तुला कळवायला हवं असं काही माझ्याकडे आहे, आणि ते कळवायची सोय नाही, हे मला समजतं. तरी लिहितो.

आपली स्टेशनामागची ती खोली अजून उभी आहे. आता तिथे दुसरं बिऱ्हाड आहे. घाट चढून आलेली इंजिनं तिथेच धापा टाकत उभी राहायची, आणि तुझ्या भाकरीच्या परातीवर काजळी येऊन बसायची. बाबा रेल्वेत खलाशी होते, ते घाटात गेले, त्यानंतर तू रेल्वेच्याच माणसांना जेवू घालून मला शिकवलंस. दुपारी एका हातानं भाकरी थापत, दुसऱ्या हातानं चुलीत लाकडं सारत तू माझी उजळणी ऐकायचीस. मी चुकलो की तुला ते आकड्यांवरून कळायचं नाही, माझ्या आवाजावरून कळायचं. फायनल पास होऊन मी मोजणीखात्यात लागलो तेव्हा तू आलेल्या-गेलेल्याला सांगायचीस, “आमचा ल्योक सरकारात जमिनी बघतो.” जमिनी बघतो म्हणजे काय करतो, हे मात्र तू बरेच दिवस विचारलं नव्हतंस.

मी काय करत होतो ते तुला एकदाच नीट सांगितलं होतं, आणि तेव्हाच बोलणी खाल्ली होती. माझी पहिलीच फेरी होती. महिनाभर पवन मावळात तंबूत राहून मी घरी आलो होतो. तू भात वाढत होतीस आणि मी फुशारकीनं सांगत होतो. सरकारला सारा ठरवायचा असतो, तर आधी जमीन किती मोलाची ते कळायला हवं. म्हणून आम्ही शेतात पहार मारून खड्डा घेतो, माती किती खोल आहे ते पाहतो, ओली करून बोटांत वळतो, चुनखडी आहे का, दगड आहेत का, उतार किती, पाणी किती दिवस टिकतं, हे सगळं बघून तिची प्रत लावतो. उत्तम जमीन सोळा आणे, मग खाली उतरत जायचं. हे आणे खिशातले नव्हेत, प्रतीचे. तू कौतुकानं ऐकत होतीस. मग मी हसत म्हणालो, “त्या डोंगरकडेच्या गावात तर काही अर्थच नाही. सगळी चार आण्याची माती.”

तुझा हात थांबला. “असं जेवताना बोलू नगं,” तू म्हणालीस.

“अगं, प्रत म्हणतोय मी. लिहावंच लागतं तसं.”

“लिहायचं ते लिही की. पन तोंडानं हसू नगं. त्या मातीतलं कुनीतरी आत्ता जेवत बसलं आसंल.”

पुढे तीस वर्षं मी मावळात, जुन्नरात, भोराकडे जमिनी पाहिल्या. प्रत उतरवावी लागली तिथे उतरवली, चढवावी लागली तिथे चढवली, पण शेतात उभा असताना हसलो नाही. माझ्या हाताखालच्या माणसांना मी गंभीर स्वभावाचा वाटायचो. त्यांना काय माहीत?

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या टोळीला आंदर मावळ आला. टाकवे बुद्रुकच्या पुढची गावं. त्यात तुझं माहेर. मी पहिल्याच दिवशी साहेबांकडे जाऊन सांगितलं, की हे माझं आजोळ आहे, तिथे माझा मामा खातेदार आहे. साहेब आपल्यातलेच होते, देशावरचे, बोलायला कमी आणि स्वभावानं सरळ. ते म्हणाले, “बरं केलंस सांगितलंस. त्या गावात तू पहार धरायची नाहीस. दुसरा कारकून प्रत लावील, आणि वादाचं काही निघालं तर मी स्वतः बघेन.” मला हायसं वाटलं. वादाचं काही निघेल असं माझ्या मनातही नव्हतं.

पण निघालं. डोंगराच्या पायथ्याची मामाची जमीन जुन्या मोजणीत वरकस म्हणून लिहिलेली होती. वरकस म्हणजे नाचणी-वरईची, उताराची, हलकी जमीन. आणि आता तिथे एकाखाली एक चार भातखाचरं होती, बांधबंदिस्तीची, पाणी धरणारी, आंबेमोहोर पिकवणारी. आता ती भाताची म्हणून लिहायची, तर सारा पुष्कळच चढणार. त्यावर सरकारचाच एक नियम होता आणि तो मला नेहमी न्यायाचा वाटत आला. खातेदाराच्या घरानं आपल्या कष्टानं, आपल्या खर्चानं जमीन सुधारली असेल, तर त्या सुधारणेपायी सारा वाढवायचा नाही. माणसानं घाम गाळून दगडातून शेत काढावं आणि सरकारनं त्या घामावर कर घ्यावा, हे बरं नव्हे. मामानं साहेबांना सांगितलं, की चारी खाचरं माझ्या बानं केली, आमच्या घरच्या हातांनी केली. साहेबांनी विचारलं, हे पाहिलेलं कुणी आहे का? गावातली त्या वयाची माणसं तापाच्या साथीत गेली होती. मामा म्हणाला, “माजी थोरली भन हाय, लोनावळ्याला. तिनं डोक्यावर माती व्हायलीय.”

दुसऱ्याच दिवशी मामा आपल्या खोलीवर आला; मीही रजा घेऊन आलो होतो. तू त्याला चुलीजवळ पाट दिलास, गूळ-पाणी दिलंस. मला सगळं आज समोर दिसतं. मामा तुझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, अंगानं धिप्पाड, आणि तुझ्यासमोर बसला की मांडी आवरून बसणारा. तो सांगतो आहे, हात हलवून सांगतो आहे, आणि तू पिठल्यात पळी फिरवते आहेस.

“आक्का, तुला फकस्त येवढंच सांगायचं हाय. चारी खाचरं आपल्या बानं केली. खरं त्येच सांगायचंय. खोटं बोलाया थोडंच बलवतोय?”

“चारी?” तू विचारलंस.

“मग? वरच्या खाचराचा बांध बघ की. त्यो दगुड बगायला पाव्हनंरावळं येत्यात. बाचं नाव हाय त्या बांधाला.”

तू पळी बाजूला ठेवलीस. म्हणालीस, “येते मी.” बाकी काही बोलली नाहीस. मामा जेवून, खुशीत, सांजच्या गाडीनं परत गेला.

दोन दिवसांनी आपण वडगावला उतरून बैलगाडीनं निघालो. भातं झोडून झाली होती, शेतांत नुसते खुंट उभे होते, वाटेवर पेंढ्याच्या गाड्या भेटत होत्या. तू माहेराला निघालीस की किती बोलायचीस! या वळणावरचं उंबराचं झाड, त्या ओढ्यातले खेकडे. त्या दिवशी तू गप्प होतीस. मला वाटलं, साहेबासमोर बोलायचं म्हणून धास्तावली असशील. मी तुला धीर द्यायला म्हणालो, “साहेब भला माणूस आहे. विचारील तेवढंच सांग.” तू मान हलवलीस.

खाचरांशी गाव गोळा झालं होतं. साहेबांसाठी घोंगडी अंथरली होती, पण ते बांधावर उभेच होते. मी लांब, हिरड्याच्या झाडाखाली थांबलो, कारण त्या कामाशी माझा संबंध नव्हता. तू पदर सारखा करून खालच्या खाचराच्या कडेला उभी राहिलीस. साहेबांनी तुला ‘बाई’ म्हणून विचारलं, आणि त्यांच्या आदबशीर बोलण्यानं मला बरं वाटलं.

“बाई, हे सगळ्यात खालचं खाचर कुणी केलं?”

“आमच्या बानं. मी, माजी आई, चुलता. वढ्यातली गाळाची माती पाटीनं आनून टाकली. माजं केस गळालं व्हतं हितं, मदल्या डोक्यावरचं.” तू हात लावून दाखवलंस, आणि बायका हसल्या.

“त्याच्या वरचं?”

“त्येबी आमीच. त्याच्या वरलंबी.”

“आणि सगळ्यात वरचं?”

तू वर त्या बांधाकडे पाहिलंस. मामानं तुझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला नीट आठवतं. तो बापाचं नाव ऐकायला उभा होता.

“त्ये आमच्या बानं न्हाई केलं,” तू म्हणालीस. “त्ये ठाकराचं हाय.”

तू साहेबांकडे पाहून नव्हे, मामाकडे पाहून बोलू लागलीस. “तू तवा झोळीत व्हतास. वरच्या वाडीचा ठाकर हितं दगुड फोडायचा. येकल्यानं त्यो बांध रचला. त्याची बायकू मला करवंदं द्यायची, मी तिला ताक न्ह्यायची. मग पटकी आली. ती बाई गेली. त्यो पोरं घिऊन घाटाखाली उतरून गेला. बानं त्याला जाताना नाचनी दिली, आन खाचर आपल्याकडं ऱ्हायलं. त्ये बघून बा शिकला. मग खालची तीन आमी केली.” आणि मग तू त्या ठाकराचं नाव घेतलंस. मी कधीच ऐकलेलं नव्हतं ते नाव. मामानंही ऐकलेलं नव्हतं.

गर्दीच्या मागे एक ठाकर उभा होता. मामाकडेच मजुरीला असायचा, तुझ्याच वयाचा असेल. त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. साहेबांच्या ते ध्यानात आलं. “तू कोण रे?”

“त्यो माजा बा,” तो म्हणाला. “मी थोरला. मोटा झाल्यावर म्हागारी आलो.”

“हे खाचर तुझ्या बापानं केलं, हे तुला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“कुनी इचारलं न्हाई, सायेब.”

तू वळून त्याच्याकडे पाहिलंस. मला वाटतं तुलाही तो परत आल्याचं माहीत नव्हतं. तू जवळ जाऊन त्याला काहीतरी विचारलंस, तो मान खाली घालून उत्तर देत होता. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, आणि नंतर मी विचारलं नाही.

साहेबांनी निर्णय तिथेच सांगितला. खालची तीन खाचरं घरच्या कष्टाची, त्यांचा आकार, म्हणजे सारा, वरकसाचाच राहील. वरचं खाचर घराला आयतं मिळालेलं, ते भाताच्या प्रतीला लागेल. मामाचं नुकसान तसं फार झालं नाही. तीन खाचरं सुटली ती तुझ्याच शब्दानं सुटली. पण त्या ठाकराचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. आमच्या खात्याचं तसंच आहे. जमीन काय देते ते आम्ही बारकाईनं पाहतो, आणि ती कुणी घडवली हे फक्त सवलतीपुरतं. साहेबांच्या अधिकारात तेवढंच होतं. मी त्यांना दोष देत नाही. पण घोड्यावर बसण्याआधी ते त्या दगडी बांधाशी बराच वेळ उभे राहिले होते, हेही मी पाहिलं.

मामानं भांडण केलं नाही. त्यानं केलं असतं तर बरं झालं असतं. तू घराकडे वळलीस तेव्हा तो पाठमोरा राहूनच म्हणाला, “आक्का, सारा वाडला त्याचं काय न्हाई. तू साऱ्या गावात बाचं नाव खोडलंस.” मामी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तू घोटभर पाणी प्यालीस, आणि आपण आल्या गाडीनं परत फिरलो.

टाकवं मागे पडल्यावर मी विचारलं, “मामा आला तेव्हा घरीच का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, वरच्या खाचराचं सायेब इचारनारच न्हाई,” तू म्हणालीस. “खालचं सांगून मोकळी व्हईन म्हनलं.”

“मग विचारल्यावर तरी...”

“इचारल्यावर काय करू? ती बाई माज्या डोळ्याम्होरं उबी ऱ्हायली.”

त्यानंतर दिवाळीला मामाकडून बोलावणं आलं नाही. त्याच्या मुलीचं लग्न झालं, ते आपल्याला परक्याकडून कळलं. त्या दिवशी तू खोलीतली भांडी घासायला काढलीस, घासलेली होती तीही. नागपंचमीला तू दाराशी बसायचीस. रस्त्यानं मावळातली कुणी माणसं बाजाराला आलेली दिसली की विचारायचीस, “आमच्याकडं बरं हाय न्हवं?” तू पस्तावलीस का, हे मला कधी कळलं नाही. रडलीस मात्र, ते मी पाहिलं आहे. खरं बोलणारं माणूस आतून शांत असतं असं पुस्तकांत लिहितात. तू शांत नव्हतीस. तुला माहेर हवं होतं, आणि तू ते शब्दही परत घेतले नसतेस. दोन्ही खरं होतं.

मग एका हिवाळ्यात मामी आली. एकटी, टाकव्याच्या बायकांबरोबर वडगावपर्यंत चालत, पुढे गाडीनं. डोक्यावर तांदळाचं गाठोडं. दारातच म्हणाली, “त्येंनी न्हाई धाडलं. माजी मी आलीय.” तू तिला आत ओढलंस, आणि तुम्ही दोघी इतका वेळ बोललात की खाणावळीच्या माणसांना मी वाढलं. जाताना तिनं हळूच सांगितलं, “वन्सं, त्यो ठाकर अजून आपल्याकडंच हाय. मी जाऊ दिला न्हाई. ह्ये रागानं काडायला निगालं व्हतं, मी म्हनलं, त्याला काडलं तर मीबी जाती.” तू तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडलीस. त्यानंतर मामी दरवर्षी यायची. तुझं तेवढंच माहेर राहिलं.

तू गेलीस तेव्हा मामा आला. सगळं होईपर्यंत उभा होता, बसायला सांगितलं तरी बसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. मला वाटलं, आता हे असंच मिटलं.

आता जे कळवायचं ते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला मामानं मला बोलावून घेतलं. त्याचे पाय सुजले होते, अंथरुणावरच होता. मला म्हणाला, “तू जमिनी बघनारा. जा, वरच्या खाचरात भात कसं हाय बगून ये.” मी गेलो. भात उत्तम होतं, लोंब्या जड होऊन वाकल्या होत्या. तिथे एक तिशीचा ठाकर बांधाचं बीळ बुजवत होता. मी विचारलं, कुणाचं काम करतोस? तो म्हणाला, “माजंच की. अर्धेलीनं हाय माज्याकडं, निम्मं पीक माजं. मालकांनी दिलं, माजा बा जिता व्हता तवाच.” त्या दिवशी फडकं हातात घेऊन उभ्या राहिलेल्या ठाकराचाच तो मुलगा. त्यानंच सांगितलं, की खाचर हाती आलं तेव्हा त्याचा बाप पहिल्या दिवशी काही कामच करेना, नुसता बांधावरून हात फिरवत फिरला.

मी परत येऊन मामाशेजारी बसलो. म्हणालो, “मामा, हे कधी केलंत?”

“आक्का गेली त्याच वर्सी.” तो छताकडे पाहत होता. “देऊन टाकलं न्हाई बग. येवढं मोटं काळीज न्हाई माजं. पोरंबी ऐकायची न्हाईत. पन निम्मं दिलं.”

“तिला सांगायला हवं होतं हो.”

“सांगनार कुनाला? ऱ्हायली व्हती का ती?” मामी त्याच्या पायाला तेल लावत होती. तो म्हणाला, “आक्का खरं बोलली. त्ये मला तवाच कळलं व्हतं रं. ती खोटं बोलताना मी कधी बगितली न्हाई. पन मी तिच्या चुलीपाशी बसलो व्हतो. तितं सांगायचं व्हतं, मला येकट्याला. मी काय मारलं असतं का तिला? चार मान्सांत माजा बा न्हाईसा झाला.”

सगळं आयुष्य मी लोकांच्या जमिनींची प्रत लावली. या दोघांत कुणाचं किती, हे मला आजही लावता येत नाही. तू चुलीशी गप्प राहिलीस ते त्याच्या मायेपोटी, आणि त्याच मायेनं तो जन्मभर दुखावला. पण तू खाचरापाशी गप्प राहिली असतीस, तर तो ठाकर बांधावरून हात फिरवायला कधीच आला नसता. मी फक्त एवढंच म्हणालो, “मामा, तिला तुमची फार आठवण यायची.” त्यानं डोळे मिटून मान हलवली. तो दिवाळीनंतर गेला. दहाव्याला नदीवर त्या ठाकराचा मुलगाही आला होता. मामाच्या मुलांनी त्याला जवळ बोलावून घेतलं.

इतकं लिहून झालं आणि आता ध्यानात येतं, की तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, तू चुलीशी आणि मी उंबऱ्यात, जसं मी तुला सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचो. तर मी तुला अर्धेलीचं सगळं वाचून दाखवलं असतं, हवं तर दोनदा. ‘आक्का खरं बोलली’ हेही अगदी मामाच्या आवाजात वाचलं असतं. पण त्याच्या पुढचं, चुलीपाशी सांगायचं होतं ते, मी गाळलं असतं.